दौऱ्याआधी चौघांनी बसून बोलायचे ते

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही नाशिकचे चौघे मित्र सहा वर्षांपासून एक रॉक बँड चालवतो. मी गातो आणि गिटार वाजवतो; शब्द माझे आणि चालीही बहुतेक माझ्याच. सातपूरला एका बंद पडलेल्या वर्कशॉपच्या पत्र्याच्या खोलीत आमचा सराव चालतो आणि तो संपल्यावर दोन-दोन दिवस कानांत आवाज येत राहतो, इतके आम्ही जोरात वाजवतो. यंदा आम्ही सहा मराठी गाणी रेकॉर्ड केली. त्यासाठी 2 लाख 10 हजार रुपये लागले. त्यांतले 1 लाख 20 हजार माझे, 60 हजार बेस वाजवणाऱ्या मित्राचे आणि उरलेले दोघांचे. आता एक संगीत कंपनी 1 लाख 50 हजार रुपयांत सहाही गाण्यांचे सर्व हक्क कायमचे मागते आहे आणि तिला महिनाअखेर उत्तर हवे आहे. दुसरीकडे आम्ही मुंबई, पुणे, कोल्हापूर, गोवा, बेंगळुरू, हैदराबाद, नागपूर आणि इंदूर असा सोळा दिवसांचा दौरा आखला आहे. आमचा ड्रमर अंबडच्या कारखान्यात पाळीने काम करतो, त्याची मुलगी सात महिन्यांची आहे, आणि त्याला एवढी रजा मिळणार नाही. बाकीचे दोघे म्हणतात की दुसरा ड्रमर घेऊ. नाशिकमध्ये आम्ही आजवर फुकटच वाजवले, कारण ओळखीच्या माणसांकडून तिकिटाचे पैसे मागणे जिवावर येते. करारावर सही करावी का? दौऱ्यासाठी नोकरी सोडावी का? आणि माझी गाणी लोकांपर्यंत पोहोचवायची असतील तर ड्रमर बदलावा लागेल का?

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमचे पत्र मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा एकाच जागी अडले. पत्राच्या सुरुवातीला "आम्ही सहा मराठी गाणी रेकॉर्ड केली" असे तुम्ही लिहिता आणि शेवटाला येईपर्यंत तीच "माझी गाणी" होतात. यात तुमचा काही डाव आहे असे मला मुळीच वाटत नाही. सहा वर्षांत चौघांनी हा विषय एकदाही बोलून घेतलेला नाही, एवढेच त्यावरून दिसते. परंतु गाणी कोणाची आणि खर्च कोणाचा हे कागदावर येईपर्यंत तुमच्या कोणत्याच प्रश्नाचे नीट उत्तर देता येणार नाही, म्हणून आधी त्याविषयी लिहिते.

कायद्याच्या दृष्टीने रेकॉर्ड केलेल्या एका गाण्यात तीन वेगवेगळ्या मालमत्ता असतात : शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे शब्द आणि चाल यांवरचा हक्क रचणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो, तर ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रकाशित झाल्यापासून 60 वर्षे. ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणून कायदा निर्मात्याला ओळखतो, म्हणजे ते करवून घेण्यात ज्याने पुढाकार घेतला आणि ज्याने जबाबदारी उचलली त्याला. तुमच्या सहा गाण्यांचा निर्माता कोण, हे आज तुमच्यापैकी कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पैसे चौघांनी घातले, तेही कमीजास्त. स्टुडिओशी बोलणी बहुधा एकानेच केली असतील. पावत्या कोणाच्या नावावर आहेत हे तुम्ही लिहिलेले नाही.

शब्द तुमचे आहेत, त्याबद्दल वाद नाही. चालींबद्दल मात्र तुम्ही "बहुतेक" म्हणता, आणि त्या शब्दाशी मी तुम्हाला थोडे थांबवू इच्छिते. घरी पलंगावर बसून गिटारवर सुचलेली चाल आणि पत्र्याच्या खोलीत चौघांनी महिनोन्महिने वाजवून घडवलेले गाणे यांत केवढे अंतर असते, हे तुम्ही माझ्यापेक्षा ताजे जाणता. कुठे बेसने चाल उचलली असेल, कुठे ड्रमरने ठेका अर्धा केल्यामुळे ध्रुवपदाला उठाव आला असेल. प्रत्येक गाणे एकदा सोबत ऐका आणि कोणता भाग कोणाचा हे त्याच वेळी लिहून काढा. माझे मत विचाराल तर शब्द पूर्णपणे तुमच्या नावावर ठेवावेत, संगीताचे वाटे गाण्यागणिक ठरवावेत, आणि ध्वनिमुद्रण चौघांचे सारखे मानावे, मग पैसे कोणी कितीही घातलेले असोत. घातलेले पैसे हे बँडला दिलेले कर्ज समजा आणि पहिल्या मिळकतीतून ज्याचे त्याला फेडा. जास्त पैसे घालणाऱ्याचा वाटाही जास्त असा हिशेब तुम्ही केलात, तर पगार कमी आणि घरी तान्हे मूल असलेला माणूस आपल्याच ठेक्यांचा सर्वांत लहान मालक ठरेल.

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. 1990 नंतरच्या दशकात मी नाशिकमध्येच एका बँडमध्ये कीबोर्ड वाजवत असे. आम्ही पाच जण होतो, कागद एकही नव्हता, आणि आम्हाला त्याचा अभिमान होता, कारण मैत्रीत कागद कशाला असे आम्ही उघडपणे म्हणत असू. पुढे आमचे एक गाणे एका जाहिरातीसाठी मागितले गेले आणि त्याचे 40 हजार रुपये आले. ज्याने चाल केली त्याला ते आपले वाटले. ज्याने रेकॉर्डिंगचा खर्च केला होता त्याला आपले. दोघेही खोटे बोलत नव्हते. आज ते दोघे एकाच शहरात राहतात आणि एकमेकांच्या घरच्या लग्नकार्यालाही जात नाहीत. तो कागद आम्ही आधीच केला असता तर दोन पानांत मावला असता.

बँड ही भागीदारी आहे हेही तुम्ही मान्य करून टाकावे. नफातोट्याचे वाटे ठरलेले नसतील तर 1932 चा भागीदारी कायदा ते समान धरतो. आणि नोंदणी न झालेल्या भागीदारीला करारातील हक्कासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही, म्हणजे एखाद्या आयोजकाने मानधन बुडवले तर हात चोळत बसावे लागते. भागीदारीच्या नावाने पॅन आणि बँकेचे खाते काढा. आज मानधन एकाच्या खात्यावर येत असणार, कर त्याच्याच पॅनवर कापला जात असणार, आणि इतर तिघांना आपला वाटा मागून घ्यावा लागत असणार. या मागून घेण्याने फार कटुता साठते. बँडच्या नावाची ट्रेडमार्क नोंदणी वर्ग 41 मध्ये, म्हणजे करमणुकीच्या सेवांच्या वर्गात, होते. तेही याच वर्षी उरका.

आता करार. त्यावर सही करू नका. 2 लाख 10 हजार खर्चून केलेली गाणी 1 लाख 50 हजारांना दिलीत तर 60 हजारांचा तोटा होईल आणि गाणीही जातील, एवढा हिशेब पुरेसा आहे. पण आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. हक्क लिहून देताना मुदत नमूद केलेली नसेल तर आपला कायदा ती पाच वर्षांची धरतो, आणि प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरता धरतो. म्हणजे "कायमचे" हा शब्द त्या मसुद्यात सवयीने आलेला नाही. तो कोणीतरी विचार करून घातला आहे. 2012 च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांना स्वामित्वधनातील, म्हणजे गाणे वापरले गेले की मिळणाऱ्या रॉयल्टीतील, समान वाट्याचा हक्क दिला आहे, आणि तो वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेला वगळता कोणालाही लिहून देता येत नाही. हे संरक्षण मोलाचे आहे. मात्र ते शब्द आणि चाल रचणाऱ्याचे आहे, त्यामुळे संगीतात नाव न लागलेल्या वादकाला त्याचा उपयोग होत नाही. म्हणूनच आधी वाटे लिहा असे मी म्हणाले. कंपनीला खरोखर तुमचे गाणे हवे असेल तर ती दोन गाण्यांची ध्वनिमुद्रणे तीन वर्षांसाठी वापरण्याचा परवाना घेईल, आणि मुदत संपल्यावर हक्क आपोआप तुमच्याकडे परत येतील असे लिहून देईल. तसा मसुदा आला तर तो वकिलाला दाखवून मग विचार करा.

गाणी स्पॉटिफाय, जिओसावन, ॲपल म्युझिक अशा ठिकाणी पोहोचवायला आज कंपनी लागत नाही. डिजिटल वितरक हे काम वार्षिक शुल्कावर किंवा मिळकतीतल्या टक्क्यावर करतात आणि हक्क तुमच्याकडेच राहतात. वार्षिक शुल्काचा वितरक निवडलात तर शुल्क थकल्यावर गाण्यांचे काय होते हे आधी विचारून घ्या, कारण काही ठिकाणी ती सरळ उतरवली जातात. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-अंकांचा कोड मिळतो. तो वहीत उतरवून ठेवा, कारण वितरक बदलताना तोच कोड द्यावा लागतो, नाहीतर गाणे आजवर किती वेळा ऐकले गेले तो आकडा नव्या नोंदीशी जुळत नाही. प्रकाशनाच्या निदान चार आठवडे आधी गाणे वितरकाकडे द्या. स्पॉटिफायच्या संपादकांकडे प्लेलिस्टसाठी गाणे पाठवायचे तर प्रकाशनापूर्वी किमान सात दिवस ते तेथे पोहोचलेले असावे लागते. शब्द आणि संगीताच्या स्वामित्वधनासाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी या 1969 मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचे सभासद व्हा. मोठ्या मिळकतीची अपेक्षा ठेवू नका : 2024 पासून स्पॉटिफायवर मागील बारा महिन्यांत निदान 1,000 वेळा न ऐकलेल्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाला स्वामित्वधनच मिळत नाही.

सहाही गाणी एका दिवशी सोडू नका, एवढे मात्र मी आग्रहाने सांगेन. दर सहा आठवड्यांनी एक सोडलेत तर सात-आठ महिने तुमच्याकडे लोकांना सांगण्यासारखे काहीतरी असेल, आणि प्रत्येक गाण्याला धरून एक कार्यक्रम लावता येईल. दौऱ्याचा विचार मी याच अंगाने करते.

तुमचा दौरा मी नकाशावर मोजून पाहिला. नाशिकहून निघून नाशिकला परत येईपर्यंत तीन हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास होतो. गाडी लिटरला बारा किलोमीटर देईल असे धरले तरी पावणेतीनशे लिटरांच्या आसपास डिझेल जळेल, आणि चालकासह पाच माणसांचे जेवणखाण आणि मुक्काम वेगळा. शुक्रवारी निघालात तर सोळा दिवसांत शुक्रवार, शनिवार आणि रविवार मिळून नेमक्या आठ रात्री येतात, आणि तुम्हीही बहुधा तसेच जुळवले असणार. परंतु त्यासाठी गोवा, बेंगळुरू आणि हैदराबाद सलग तीन रात्रींत करावी लागतात. त्यांच्यामधले दोन्ही टप्पे साडेपाचशे किलोमीटरांच्या आसपास आहेत. म्हणजे मध्यरात्री सामान आवरायचे, गाडीत झोपायचे, दुपारी पोहोचून साउंडचेक करायचा आणि त्याच रात्री पुन्हा गायचे. तिसऱ्या रात्री तुमचा गळा जागेवर राहील असे मला वाटत नाही. शिवाय हैदराबादला किंवा इंदूरला त्या रात्री जे पंचवीस-तीस लोक येतील, ते तुम्हाला पुन्हा केव्हा ऐकणार? आणखी दोन-तीन वर्षे तुम्ही तेथे जाऊ शकणार नाही, आणि तोवर ते तुम्हाला विसरलेले असतील.

त्याऐवजी या वर्षी तीनच शहरे धरा : नाशिक, मुंबई आणि पुणे. प्रत्येक ठिकाणी वर्षातून तीन वेळा वाजवा, आणि दर वेळी नवे प्रकाशित झालेले एखादे गाणे बरोबर न्या. मुंबई सुमारे 170 किलोमीटर, पुणे 210. शनिवारी सकाळी निघून रविवारी दुपारी घरी येता येते. पहिल्या खेपेला आलेल्यांतले दहा जण दुसऱ्या खेपेला आपला मित्र घेऊन आले, तर तो श्रोता तुमचा झाला असे समजा. त्याच आयोजकाशी दुसऱ्यांदा बोलताना मानधनही मागता येते. मुंबईला रेल्वेने जाणार असाल तर पूर्ण ड्रमसेट नेण्याचा हट्ट धरू नका. कार्यक्रमाच्या जागी सेट आहे का हे आधी विचारा आणि ब्रेकेबल्स, म्हणजे स्नेअर, सिंबल्स आणि किक पेडल, एवढेच घ्या. गाडीने गेलात तर वाजवून झाल्यावर त्याच रात्री कसारा घाट चढायचा नाही हा नियम करा, आणि पावसाळ्यात, घाटात धुके उतरते त्या दिवसांत, तो कोणत्याही कारणाने मोडू नका. टेक रायडर (म्हणजे मंचावर लागणाऱ्या ध्वनियंत्रणेची यादी), अर्धे मानधन आगाऊ आणि तारीख रद्द झाल्यास काय, या तीन गोष्टी आयोजकाकडून लेखी घ्या.

तिकिटाच्या संकोचाबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. ज्या पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी उत्तरायुष्यात आपल्या पंचवटीत रामनामाचा आश्रम चालवला, त्यांनी संस्थानिकांच्या आश्रयावर विसंबून न राहता सामान्य श्रोत्यांसमोर तिकीट लावून जलसे करण्याची वाट धरली होती, आणि 1901 मध्ये लाहोरला सुरू केलेल्या गांधर्व महाविद्यालयाला अशाच जलशांच्या पैशाने आधार दिला होता. त्या गावात राहून तुम्हाला 150 रुपये मागायला लाज वाटावी, याचे मला वाईट वाटते. ओळखीचे लोक फुकट येतात तेव्हा ते तुमच्यासाठी येतात आणि गप्पा मारत उभे राहतात. तिकीट काढून येतात तेव्हा गाण्यासाठी येतात. कालिदास कलामंदिराएवढे मोठे सभागृह घेण्याची घाई करू नका, ऐंशी ते शंभर माणसे बसतील असे लहानसे बंदिस्त सभागृह पाहा. उघड्या जागेत रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि शाळा, रुग्णालय किंवा न्यायालयापासून शंभर मीटरच्या आत शांतता क्षेत्र असते, म्हणून कार्यक्रम सायंकाळी साडेसहालाच सुरू करा. दरवर्षी मे महिन्यात गोदाकाठी वसंत व्याख्यानमालेला रोज संध्याकाळी जाऊन बसणारे हे शहर आहे. येथल्या माणसाला शब्द ऐकायची सवय आहे. तुमची गाणी मराठी आहेत. सहाही गाण्यांचे शब्द एका छोट्या पुस्तिकेत छापा आणि ती दाराशी विकायला ठेवा. टी-शर्टच्या आधी ती संपली तर मला आश्चर्य वाटणार नाही.

ड्रमरविषयी. बँडमध्ये माणसे बदलू नयेत असे मी म्हणणार नाही. दिल्लीचा इंडियन ओशन हा बँड 1990 पासून वाजवतो आहे. 2009 मध्ये त्यांचे गायक आणि तालवादक असीम चक्रवर्ती गेले, 2013 मध्ये संस्थापकांपैकी सुष्मित सेन बाहेर पडले, आणि तरीही तो बँड उभा आहे. परंतु तेथे एकाला मृत्यूने नेले आणि दुसऱ्याने आपण होऊन निरोप घेतला. तुमच्याकडे एक माणूस कारखान्यात पाळीवर असताना इतर तिघे त्याच्याविषयी ठरवत आहेत. सोळा दिवसांचा दौरा शनिवार-रविवारच्या फेऱ्यांमध्ये वाटला गेला की ही अडचण बरीचशी सुटते. त्याच्या पाळीचे महिन्याचे वेळापत्रक हातात आल्याशिवाय तारीख द्यायची नाही, असे ठरवा. तरीही एखादी चांगली तारीख त्याला जमली नाही, तर बदली ड्रमर घ्या, मात्र त्याच्या संमतीने आणि शक्य असल्यास त्यानेच सुचवलेला. बदली वादकाला त्या कार्यक्रमापुरते ठरलेले मानधन द्या. रेकॉर्ड झालेल्या सहा गाण्यांतला तुमच्या ड्रमरचा वाटा त्यामुळे एका पैशानेही कमी होऊ देऊ नका.

नोकरी यंदा सोडू नका. रेकॉर्डिंगमधले तुमचे 1 लाख 20 हजार पगारातूनच आले असणार, आणि महिनाअखेर त्या कंपनीला नाही म्हणण्याचे बळही तुम्हाला पगारच देणार आहे.

एक गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीत, पण मला ती पत्रातली सर्वांत गंभीर वाटली. वाजवून झाल्यावर दोन दिवस कानांत आवाज राहणे ही इजेची खूण आहे. रोज आठ तासांसाठी 85 डेसिबल ही सुरक्षिततेची मर्यादा मानली जाते आणि दर तीन डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. त्या हिशेबाने 100 डेसिबलला तो पंधरा मिनिटांवर येतो. पत्र्याच्या बंद खोलीत ड्रम्स आणि दोन ॲम्प्लिफायर असताना तुम्ही त्याच्या वरच असाल. माझ्या डाव्या कानात अशाच एका खोलीतली शिट्टी गेली वीस वर्षे वाजते आहे आणि रात्री ती अधिक ऐकू येते. संगीतकारांसाठी मिळणारे इअरप्लग चौघांनी याच आठवड्यात घ्या, भिंतींना जाड गोधड्या लावा, ॲम्प्लिफायर कमी करा, आणि कानांच्या डॉक्टरांकडून एकदा तपासणी करून घ्या.

कंपनीला महिनाअखेरीपर्यंत थांबवण्याचे कारण नाही. सहाही गाण्यांचे कायमचे हक्क देणे आम्हाला शक्य नाही, मर्यादित मुदतीच्या परवान्याचा प्रस्ताव असल्यास आम्ही विचार करू, एवढे दोन ओळींत आजच कळवा. मात्र ते पत्र पाठवण्याआधी तिघांनाही वाचून दाखवा. चौघांची बैठक ड्रमरच्या घरी ठेवा, मुलगी झोपल्यानंतरच्या वेळेला, वाद्ये न नेता. स्टुडिओच्या पावत्या आणि एक कोरी वही बरोबर न्या, आणि त्याच्या पत्नीलाही बोलण्यात बसवा, कारण त्या शनिवार-रविवारी घर तिलाच सांभाळावे लागणार आहे.